दिवा लागला, चाकं लागली नाहीत

मी बोलतेय ती धुलाईघराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमधून. पिकअप आहे मी, जुनी. वय विचारू नका. माझ्या बरोबरीच्या निम्म्या गाड्या केव्हाच वितळून लोकांच्या घरात कपाटं होऊन उभ्या आहेत. माझा मूळ रंग निळा. त्यावर एका मालकाने हिरवा मारला, दुसऱ्याने पांढरा. माझं दार जोरात लावलं की तिन्ही रंगांचे पापुद्रे खाली पडतात. माझा इतिहास वाचायचा असेल तर झाडू मारायच्या आधी या.

माणसं म्हणतात, यंत्राला जीव नसतो. नसेल बापडा. पण यंत्राला दुखणं असतं, आणि दुखणं आलं की वैद्यांची रांग लागते. त्या रांगेतला प्रत्येक जण रोग्याकडे सोडून बाकी सगळीकडे बघतो, हे मी माझ्या चारही चाकांनी अनुभवलंय. तेच सांगायला बसलेय.

माझी पुढची बाजू ज्याने जोडली तो कारखान्यातला कामगार सर्दीने बेजार होता. शिंकत शिंकत त्याने करंगळीएवढी जाड एक रबरी नळी घेतली, तिचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं पुढच्या आसाजवळच्या एका लहानशा डबीला. मग ओढून पाहिली. शिंकला. पुन्हा ओढून पाहिली. दुसऱ्यांदा बघायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्या अंगाखाली किती जण घुसले, पण असा दोनदा बघणारा पुन्हा भेटायला फार काळ जावा लागला.

ही नळी काय करते ते आधी ऐका. एरवी माझी मागची दोनच चाकं मला ढकलतात. चढ आला, चिखल आला की आतला छोटा दांडा ओढायचा, म्हणजे पुढची चाकंही कामाला लागतात. पण नुसता दांडा ओढून भागत नाही. पुढच्या आसाचे दोन तुकडे एकमेकांत अडकावे लागतात, आणि ते काम ती डबी करते. तिला वीज लागत नाही की तेल लागत नाही. इंजिन हवा आत ओढतं, ती ओढ नळीतून डबीपर्यंत पोहोचते, डबीतला पडदा खेचला जातो आणि खाली 'खट्' असा आवाज होतो. समोर हिरवा दिवा लागतो. झालं. चारही चाकं माझी.

आणखी एक गोष्ट. ही ओढ केव्हा जोरात असते? ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो तेव्हा. पाय दाबला की इंजिनाचं तोंड उघडतं, आणि उघड्या तोंडाने ओढ बसत नाही. तुम्ही कधी आ वासून स्ट्रॉने सरबत प्यायलात का? नाही ना? मग मलाही ते जमत नाही. पण एकदा 'खट्' झालं आणि नळी धड असली, की पुढे पाय दाबला तरी ती ओढ डबीत टिकून राहते.

पहिली काही वर्षं मी जमीन मोजणाऱ्यांच्या खात्यात होते. तिथल्या ड्रायव्हरने माझ्या माहितीपुस्तकाला कव्हर घातलं होतं आणि जेवायच्या सुट्टीत तो ते वाचायचा. पुढे रोपवाटिकेच्या मालकाने मला घेतलं. त्याने माझ्या पाठीवर कुंड्या वाहिल्या आणि चार चाकांचा दांडा आठ वर्षांत एकदाही ओढला नाही. त्यावर तो टोपी अडकवायचा. माहितीपुस्तक त्याने गुलाबाच्या कलमांना गुंडाळायला फाडलं. त्याच्याकडून मला भाऊने घेतलं.

भाऊ म्हणजे या धुलाईघराचा मालक. मोठी जागा आहे. आत बॉयलर, पिळणीची दोन यंत्रं, वाफेची लांबलचक प्रेस आणि लाकडी टेबलांवर वाकलेल्या अकरा बायका. टेकडीवर एक इस्पितळ आहे, तिथल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे इथे येतात, उकळतात, इस्त्री होऊन गठ्ठ्यांत बांधले जातात. रोज पहाटे शेवटचा गठ्ठा साडेपाचला बांधून होतो आणि सातच्या आत वर पोहोचावा लागतो. अकरापैकी आठ बायकांचं पोट त्या एका टेकडीवर अवलंबून आहे.

टेकडीचा पक्का रस्ता एका पावसात खचला. दुरुस्ती चालू आहे, असं पाटीवर लिहिलंय. पाटी गंजली म्हणून नवी लावली. दुरुस्ती तेवढी चालूच आहे. तोवर सगळ्यांनी मागच्या कच्च्या चढाने जायचं. त्या चढावर बारा महिने झऱ्याचं पाणी वाहतं. तिथे मागच्या दोन चाकांचं काही चालत नाही.

मला चालवते वहिनी. भाऊची बायको, पण सगळ्या बायका तिला वहिनी म्हणतात म्हणून मीही म्हणते. पूर्वीचा ड्रायव्हर एका सकाळी किल्ली खिळ्याला अडकवून निघून गेला. भाऊकडे लायसन्स होतं, पण त्या चढाचं नाव काढलं की त्याची कंबर धरायची. वहिनीने पदर खोचला आणि किल्ली घेतली. पंधरा दिवसांत तिने माझा प्रत्येक आवाज ओळखून ठेवला. 'खट्' झाल्याशिवाय ती चढाला हात घालत नसे.

भाऊ मात्र अधूनमधून बाजूच्या सीटवर बसायचा. देखरेखीला. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकलं होतं, सीटवरून गाडी हाकणारा मी इथे पाहिला. त्याच्या मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ चालत. ते बघून बघून तो इतका तज्ज्ञ झाला होता की त्याला बोनेटची खटकी कुठे आहे हे सोडून सगळं माहीत होतं.

खटकी सापडली त्याच दिवशी घात झाला.

या घराला स्वच्छतेचं भारी वेड. पिढीजात धंदाच तो. भाऊने बोनेट उघडलं, आतली काजळी बघितली आणि त्याला लाज वाटली. लोक काय म्हणतील, धुलाईघराची गाडी आणि पोटात एवढा मळ! मग त्याने आतून बरणी आणली. चादरींवरचे औषधांचे हट्टी डाग ज्या द्रावणाने निघतात, ते. ब्रशने माझ्या पोटात सगळीकडे चोळलं. दर रविवारी. मी आतून आरशासारखी लखलखले. पण ते द्रावण रबराला खातं हे त्याच्या व्हिडिओत नव्हतं. माझी करंगळीएवढी नळी आधी फिकी पडली, मग कडक झाली, आणि बॅटरीमागच्या वळणावर तिला एक बारीक चीर गेली. दाढी करताना पडावी तेवढी.

तुम्हाला आता रोग कळला. या गोष्टीतल्या माणसांना कळायला सात महिने लागले.

सुरुवातीला दांडा ओढल्यावर मिनिटभराने 'खट्' व्हायचं. मग तीन मिनिटांनी. मग सहा. वहिनी चढाच्या पायथ्याशी थांबून, पाय बाजूला घेऊन, हिरव्या दिव्याकडे बघत बसायची. चिरेतून ओढ वाया जात होती, पण उरलीसुरली साठून कशीबशी डबी हलायची. वहिनी धुलाईघरातून पाच मिनिटं लवकर निघायला लागली. त्याहून लवकर निघायचं तर गठ्ठेच तयार नसत. डांबरी रस्त्यावरूनच चारही चाकं जोडून न्यावं, असंही तिने एकदा करून बघितलं; वळणांवर माझे सांधे असे करकरले की तिने स्वतःच तो नाद सोडला.

मग एका सोमवारी भाऊ शेजारी बसला.

"थांबलीस का?"

"हिरवा दिवा लागायचाय."

"असा बसून लागतो का? ताकद दे गाडीला. दाब!"

"अहो, दाबलं की लागत नाही. पाय काढला की लागतो."

"पाय काढून काय गाडी चालते? दाब म्हणतो ना!"

तिने दाबलं. मी आ वासला. ओढ गेली. तो म्हणाला, अजून दाब. मी अजून मोठा आ वासला. बावीस मिनिटं आम्ही पायथ्याशी उभ्याउभ्या गर्जत होतो. कोणी दुरून बघितलं असतं तर वाटलं असतं, काय जोरदार काम चाललंय! शेवटी भाऊ लघवीला म्हणून झुडपामागे गेला, वहिनीने पाय काढला, आणि तो परत यायच्या आत 'खट्' झालं.

"बघितलंस?" भाऊ चेन ओढत म्हणाला. "दाबल्याचा परिणाम."

वर पोहोचायला सव्वासात झाले. इस्पितळाची मेट्रन दारातच उभी होती. काटक बाई, छातीवर उलटं घड्याळ टाचलेलं.

"सात म्हणजे सात," ती म्हणाली. "माझे डॉक्टर हात धुऊन उभे आहेत. त्यांच्यापुढे काय अंथरू, तुमच्या सबबी?"

त्यावर भाऊने मला मोठ्या गॅरेजमध्ये नेलं. तिथे उस्ताद होता. त्याच्या भिंतीवर इतके पाने टांगलेले की रोग्याने नुसतं बघूनच बरं व्हावं. वहिनीही आली होती, कारण मला तिथवर चालवत आणणार कोण?

उस्तादने भाऊला विचारलं, "काय होतंय?"

भाऊ म्हणाला, "फोर-व्हील उशिरा लागतं. मला वाटतं गिअरमध्येच लोचा आहे."

वहिनी म्हणाली, "पाय काढला की लागतं. दाबला की लागत नाही. आणि चढावर लागलेलंसुद्धा कधीकधी सुटतं."

अख्खं निदान होतं ते. एवढं नेमकं तर मलाही सांगता आलं नसतं. त्या तीन वाक्यांना धरून कोणी मागे गेलं असतं तर दहा पावलांवर ती नळी होती.

उस्तादने भाऊकडे बघितलं. "चालवतं कोण?"

"हीच."

"हां," उस्ताद हसला. "वहिनींना म्हणावं, दांडा नीट जोर लावून ओढत जा. बायकांचा हात जरा हलका पडतो."

तो हात रोज ओल्या चादरींचे चाळीस किलोचे गठ्ठे उचलतो. वहिनीने तो हात बघितला आणि पर्सची चेन लावली.

उस्तादने माझं तेल बदललं. मग दांड्याखालच्या जोडण्या बदलल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा नेलं तर गिअरची अख्खी पेटी खोलून, पुसून, होती तशी बसवली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय! तेल चांगलं होतं, त्याबद्दल मी आभारी आहे. पण तहान लागलेल्याला तुम्ही नवे बूट घातलेत तर तो आभार तरी किती मानणार?

सहाची नऊ मिनिटं झाली.

मग भाऊने नव्या पद्धतीचं गॅरेज शोधलं. काचेचं ऑफिस, पाहुण्यांना सोफा. तिथला तरुण हातात पाटीएवढं यंत्र घेऊन आला. ते यंत्र गाडीला जोडलं की गाडीचे सगळे रोग पडद्यावर लिहून येतात म्हणे. तो माझ्या स्टीअरिंगखाली वाकला. सीटखाली बघितलं. पायपुसणं उचललं. टॉर्च लावला.

"साहेब, हिला जोडायला जागाच नाही."

"म्हणजे?"

"जुनी आहे ना. ही सांगत नाही काही."

मी सांगत नाही! रोज पहाटे पायथ्याशी उभी राहून मी फुसफुसत होते, वहिनी काच खाली करून ऐकत होती, आणि हा म्हणतो ही सांगत नाही. त्याच्या यंत्राला कळेल अशा भाषेत नाही सांगत, एवढंच.

पण रिकाम्या हाताने परत पाठवणं त्याच्या गॅरेजच्या शोभेला बाधक होतं. त्याने विचारलं, "नक्की तक्रार काय आहे?"

भाऊ म्हणाला, "हिरवा दिवा उशिरा लागतो."

"एवढंच ना?"

आता ऐका, शिकलेल्या माणसाची कमाल. त्याने हिरव्या दिव्याची तार डबीवरून काढली आणि सरळ आतल्या दांड्याला जोडली. दांडा ओढला की दिवा लागणार. तत्काळ. तापलेल्या पोराचा ताप उतरेना म्हणून थर्मामीटर बर्फात बुडवावा, तसं. भाऊने दांडा ओढला, दिवा झळकला, आणि त्याच्या तोंडावरही तसाच उजेड पडला.

"याला म्हणतात विद्या," तो वहिनीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पायथ्याशी वहिनीने दांडा ओढला. दिवा लागला. तिने कान दिला. 'खट्' ऐकू आलं नाही.

"चल," भाऊ म्हणाला.

"आवाज नाही आला."

"दिवा दिसत नाही का? हजार गाड्या बघितलेल्या माणसाने लावलाय तो. तू काय कानाने गाडी चालवणार?"

मागे गठ्ठे होते, घड्याळात सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, आणि दिवा खरंच हिरवा होता. ती निघाली. यात तिची चूक एवढीच की तिने त्या सकाळी स्वतःच्या कानापेक्षा दुसऱ्याच्या दिव्यावर भरवसा ठेवला. ती चूक तिने पुन्हा केली नाही.

अर्ध्या चढावर माझी मागची चाकं गरगरली. पुढची नुसती सोबतीला फिरत होती, पाहुण्यासारखी. मी मागे घसरले, आडवी झाले, मागचा फाळका उघडला आणि वीस गठ्ठे झऱ्याच्या चिखलात उतरले. चादरी पसरल्या. हिरव्या कपड्यांवरून पाणी वाहायला लागलं. अकरा बायकांची एका दिवसाची मेहनत तिथे भिजत पडली होती. वहिनी चिखलात उतरून एकेक कपडा उचलत होती. भाऊ फोनवर काचेच्या गॅरेजला विचारत होता की दिव्याची गॅरंटी किती दिवसांची आहे.

त्या दिवशी कपडे पुन्हा धुऊन साडेदहाला वर गेले. एका माणसाचं पोटाचं ऑपरेशन पुढे ढकललं. तो आदल्या संध्याकाळपासून उपाशी होता. मेट्रनने वहिनीला त्याच्या खाटेपाशी नेलं आणि फक्त म्हणाली, "हे बघून जा." मग व्हरांड्यात येऊन सांगितलं, "वर्षाचा करार शुक्रवारी नव्याने करायचाय. शुक्रवारी सातला कपडे इथे असले तर तुमचा. नसले तर दुसऱ्या लाँड्रीला निरोप गेलेला आहे. त्यांची गाडी नवी आहे."

वहिनीने धुलाईघरात येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. प्रेस थांबली. आठ बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सगळ्यात जुनी मावशी, जिच्या दोन्ही हातांवर वाफेच्या भाजल्याचे जुने वण आहेत, ती म्हणाली, "आठजणी घरी बसणार, असं सरळ सांग ना."

"हो," वहिनी म्हणाली. "असंच."

भाऊने उपाय काढला. मला विकायचं. शुक्रवारपर्यंत दुसरी गाडी कशी येणार, हे त्याला कोणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची ठरली की लोक दोराची लांबी विचारत नाहीत.

बुधवारी दुपारी वाफेच्या इस्त्रीची नळी गळायला लागली. यात नवल नाही, महिन्यातून एकदा गळतेच. आणि ती शोधायची या बायकांची एक रीत आहे. मावशीने वाटीत साबणाचा घट्ट फेस केला, दाढीच्या ब्रशने नळीवर लावत गेली, आणि जिथे बुडबुडा फुगला तिथे बोट ठेवून म्हणाली, "हा बघ." दोन मिनिटांचं काम. ना उस्ताद, ना पाटीएवढं यंत्र.

वहिनी चादरीची घडी घालत होती. तिच्या हातातली घडी अर्धीच राहिली.

"मावशी," ती म्हणाली, "ती वाटी घेऊन जरा बाहेर या."

शेडमध्ये येऊन तिने माझं बोनेट उघडलं, इंजिन चालू केलं, दांडा ओढून ठेवला आणि म्हणाली, "ही पायथ्याला फुसफुसते. मला रोज ऐकू येतं. कुठून ते नाही कळत."

दोघी वाकल्या. मावशीने एकेका नळीवर फेस लावायला सुरुवात केली. बाकीच्या बायका दारात गोळा झाल्या. भाऊही मोबाईल घेऊन आला.

"काय हे? गाडीला आंघोळ?"

"भाऊ, जरा उजेड सोडा," मावशी म्हणाली.

पाणी जाणारी जाड नळी झाली, पेट्रोलची झाली. बुडबुडा कुठेच नाही.

"बघा," भाऊ दारातल्या बायकांना म्हणाला. "मी सांगत होतो. काही गळत नाहीये. हे तुमच्या इस्त्रीचं काम नव्हे."

मावशी बॅटरीमागे पोहोचली होती. तिने तिथल्या वळणावर फेस लावला. थांबली. पुन्हा लावला. पुन्हा थांबली.

"वहिनी, इकडे बघ गं. बुडबुडा नाही येत. पण फेस राहतही नाहीये इथे. लावला की जातो."

"जातो कुठे?"

"आत!"

आयुष्यभर बाहेर येणारी वाफ शोधलेल्या बाईने, आत जाणारी हवा सापडल्यावर क्षणभर स्वतःच्या ब्रशकडे संशयाने बघितलं. मग वहिनीने हात घातला. बोटांनी चाचपत गेली. चीर लागली तशी तिने त्यावर अंगठा घट्ट दाबला.

माझी फुसफूस थांबली. सात महिन्यांनी मला पोटभर श्वास मिळाला. आणि खालून, पुढच्या आसापाशी, 'खट्'.

वहिनीने अंगठा काढला, थोडा वेळ थांबून पुन्हा दाबला. पुन्हा 'खट्'. दुसऱ्यांदा बघायला तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मला कारखान्यातला तो शिंकणारा कामगार आठवला.

"एवढीशी?" दारातली एक बाई म्हणाली.

"एवढीशीच असते गं," मावशी म्हणाली, "म्हणून तर मोठ्या माणसांना दिसत नाही."

मावशीने इस्त्रीच्या जुन्या नळीचा, जाड भिंतीचा, चांगला भाग बघून हातभर तुकडा कापला. वहिनीने खराब नळी काढून तो बसवला आणि दोन्ही टोकांना पट्ट्या आवळल्या. मग स्टीअरिंगखाली शिरून काचेच्या गॅरेजवाल्याची तार उपटली आणि दिवा पुन्हा डबीला जोडला. मळकट नळीला आता भाऊचा ब्रश लागणार नाही, कारण ती बरणी मावशीने उचलून आपल्या टेबलाखाली ठेवली.

भाऊने मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, "मला पहिल्यापासून नळीचाच संशय होता."

शुक्रवारी पहाटे गठ्ठे चढले. मावशी म्हणाली, मीही येते, आणि केबिनमध्ये मधोमध बसली. तिच्या पलीकडे भाऊ, देखरेखीला. पायथ्याशी वहिनी थांबली.

"दा..." भाऊने तोंड उघडलं.

वहिनीने दांडा ओढला, पाय काढला. 'खट्'. हिरवा दिवा. भाऊचा 'ब' तोंडातच राहिला.

आम्ही चढ चढलो. खरं सांगते, ऐटीत चढलो. ज्या वळणावर मी आडवी झाले होते तिथे अजून एक अभ्रा झुडपाला अडकलेला होता, त्याच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही. पुढची चाकं ओढत होती, मागची ढकलत होती, आणि वहिनी पायाने नाही तर कानाने चालवत होती.

वर पोहोचलो तेव्हा मेट्रनच्या छातीवरचं घड्याळ सहा वाजून त्रेपन्न मिनिटं दाखवत होतं. तिने गठ्ठे मोजले, हिरव्या कपड्यांतला एक उलगडून उजेडात धरला, आणि कराराचा कागद व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला. तोंड भरून कौतुक वगैरे काही नाही. मला ती बाई आवडते.

भाऊने मालक म्हणून सही केली. त्याच्या सहीला शेपूट असतं, ते कागदाच्या कडेपर्यंत गेलं. खाली आणखी एक ओळ होती: वाहन आणि वेळ यांची जबाबदारी. दरवर्षी तिथेही शेपूट असे. भाऊने पेन टेकवलं.

"थांबा," मेट्रन म्हणाली. "गाडी कोण चालवतं?"

"चालवते ही. पण बघतो मी."

"बघणाऱ्यासाठी या कागदावर जागा नाही."

पेन वहिनीकडे आलं. तिने हात पदराला पुसला. अंगठ्यावर अजून रबराचा काळा डाग होता. तिने सरळ, शाळेतल्यासारख्या अक्षरात आपलं पूर्ण नाव लिहिलं. मावशी शेजारी उभी राहून अक्षर न् अक्षर बघत होती, जणू ते आठजणींचं मिळून लिहिलं जात होतं.

उतरताना पायथा जवळ आल्यावर भाऊने हळूच विचारलं, "नक्की केव्हा काढायचा असतो पाय?"

उत्तर ऐकायला म्हणून त्याने तिला विचारलेला तो पहिला प्रश्न होता. वहिनीने त्याला सगळं समजावून सांगितलं, न हसता. मी हसले असते.

शनिवारी तो उस्तादच्या गॅरेजमध्ये उभा राहून तेच त्याला समजावत होता. 'माझा अनुभव असा आहे,' असं म्हणून.

तर आता मी इथे आहे, पत्र्याखाली, पोटात इस्त्रीच्या नळीचा तुकडा घेऊन. मला विकायची गोष्ट सध्या निघत नाही. वय झालंय, उद्या आणखी काही दुखेल, मला ठाऊक आहे. तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी म्हातारी कुरकुरत असेल, तर पाने काढायच्या आधी, यंत्र जोडायच्या आधी, आणि कृपा करून दिव्याची तार तोडायच्या आधी, तिला रोज कोण चालवतं ते बघा आणि त्या माणसाला विचारा. ते माणूस केव्हाचं सांगतंय.